शनिवारवाड्याचा ससा आणि आपल्या घरातला ससा



शनिवारवाडा तुम्ही पाहिला असेलच. पुण्याबाहेरच्या मित्रांनी निदान चित्रात तरी पाहिला असेल. या वाड्याची एक गोष्ट आजी-आजोबा सांगतात. थोरले बाजीराव पेशवे एकदा घोड्यावरून चालले होते. बघतात तर काय, एक ससा चक्क कुत्र्याच्या मागे लागलेला! पुढे कुत्रा, मागे ससा! "जिथे ससासुद्धा इतका शूर होतो, ती जागा काही साधी नाही," असं म्हणून त्यांनी तिथेच वाडा बांधायचं ठरवलं.

ही दंतकथा आहे बरं का, इतिहास नव्हे. इतिहास एवढंच सांगतो, की वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवारच होते. आणि गंमत म्हणजे, हीच ससा-कुत्र्याची गोष्ट विजयनगरबद्दल सांगतात आणि १४११ साली वसलेल्या अहमदाबादबद्दलही सांगतात! इतक्या ठिकाणी ही गोष्ट का बरं रुजली असेल? कारण ससा कुत्र्याच्या मागे लागणं हे नवलच. रोज घडणाऱ्या गोष्टीची कोणी दंतकथा करत नाही. रोज घडतं ते उलटंच.

आज हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी एक चूक. बाईसुद्धा चुकतात, मुलांनो.

काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. वाढदिवसाला तिला पांढराशुभ्र ससा मिळाला. नाव ठेवलं कापूस. घरी मोत्या नावाचा कुत्रा आधीपासून होताच. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मोत्या आणि कापूस एकत्र राहतील ना?" मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "राहतील की! प्रेमानं सगळे एकत्र राहतात."

चौथ्या दिवशी ती शाळेत आली ती डोळे सुजलेले घेऊन. कापूस गेला होता. मी विचारलं, "मोत्या चावला का गं?" ती म्हणाली, "नाही बाई. मोत्यानं त्याला पंजासुद्धा लावला नाही. तो नुसता पिंजऱ्याशेजारी उभा राहून भुंकायचा. कापूस कोपऱ्यात बसून राहायचा. काही खायचाच नाही. आम्हाला वाटलं, नवीन घर आहे, रुसला असेल."

ते ऐकून मी गप्पच झाले. त्या संध्याकाळी मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले आणि जे आधी विचारायला हवं होतं, ते सगळं तेव्हा विचारलं. त्यांनी समजावलं ते असं.

सशाचं पोट म्हणजे सतत चालणारी गिरणी. दिवसभर थोडं थोडं गवत आत जायलाच हवं. ससा फार घाबरला की ही गिरणी मंदावते आणि कधी कधी बंदच पडते. मग पोटात वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून पोट आणखीच बिघडतं. एका-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. शिवाय ससा दुखणं लपवतो. रानात जो दुबळा दिसतो, त्यालाच शिकारी आधी पकडतो ना! म्हणून तो ओरडत नाही, नुसता गप्प बसतो. आपल्याला वाटतं, किती शहाणं बाळ! आणि ते बाळ आतून घाबरून अर्धमेलं झालेलं असतं.

हे लक्षात ठेवा: सशाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडात काही घातलं नाही किंवा त्याच्या लेंड्या दिसल्या नाहीत, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग मोत्या वाईट होता का? मुळीच नाही! आता दोघांच्या चेहऱ्याकडे नीट बघा. कुत्र्याचे डोळे समोर असतात, पळत्या सावजावर नेम धरायला. सशाचे डोळे दोन बाजूंना. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, अगदी पाठीमागचंसुद्धा. एक पाठलाग करायला घडलेला, दुसरा पळून जायला. त्यात माणसानेही भर घातली. आपल्या महाराष्ट्रातला कारवानी कुत्रा किंवा कर्नाटकातल्या मुधोळचा सडपातळ, लांब पायांचा कुत्रा लोकांनी पिढ्यान् पिढ्या जोपासला तो सशासारख्या चपळ शिकारीमागे धावण्यासाठीच. मुधोळच्या कुत्र्याचं तर २००५ साली टपाल तिकीटही निघालं. बीगल हा गोड चेहऱ्याचा कुत्रा हल्ली बऱ्याच घरांत दिसतो. त्याचं मूळ कामही वास काढत सशाचा माग काढण्याचं. ससा टुणकन पळाला की अशा कुत्र्याचे पाय आपोआप धावू लागतात. त्याला कदाचित खेळायचंच असतं. पण सशाला ते कसं कळणार?

म्हणजे दोघांना एका घरात ठेवूच नये का? तसं नाही. जमतं, पण घाई केली तर जमत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत अशी.

पहिले काही दिवस दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. सशाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं कुत्र्याला हुंगू द्या आणि कुत्र्याचं सशाला. आधी वासाची ओळख, मग तोंडओळख! या काळात कुत्र्याला 'बस' आणि 'सोड' हे दोन शब्द पक्के शिकवा. ते येत नसतील, तर पुढे जायचंच नाही.

मग एक दिवस कुत्र्याला लांब फिरवून आणा, म्हणजे तो दमलेला असेल. ससा त्याच्या पिंजऱ्यात, कुत्रा पट्ट्याने मोठ्या माणसाच्या हातात, आणि दोघांत भरपूर अंतर. सशाला लपायला पिंजऱ्यात एक खोका हवाच. भेट पाच मिनिटांची, बस्स. कुत्रा शांत बसला तर त्याला खाऊ द्या. असं रोज करत हळूहळू अंतर कमी करा. याला काही आठवडे लागतात, कधी महिनेही.

या वेळी दोघं काय 'बोलतात' ते बघा. ससा मागचा पाय जमिनीवर धप्पकन आपटतो, म्हणजे 'धोका!'. अंग चोरून, कान पाठीला चिकटवून, डोळे विस्फारून बसला, तर तो भ्यालाय. पाय पसरून लोळला, तर खुशाल समजा. कुत्रा अंग ताठ करून, डोळ्याची पापणी न हलवता टक लावून बघत असेल, तर शेपूट हलत असली तरी भेट तिथेच थांबवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: वर्षभराची दोस्ती असली, तरी दोघांना एकटं सोडून कधीही बाहेर जायचं नाही. काही कुत्र्यांना हे कधीच जमत नाही. मग दोघांची खोली कायमची वेगळी. त्यात कोणाचा अपमान नाही!

आणखी चार गोष्टी. सशाला कानाला धरून कधीही उचलू नका. छाती आणि मागचे पाय दोन्ही हातांनी सांभाळा, कारण जोरात लाथ झाडताना त्याचाच कणा मोडू शकतो. त्याचं मुख्य जेवण गवत. गाजर हा कधीतरीचा खाऊ. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला गॅलरीत ठेवू नका, ऊन त्याला सोसत नाही. आणि कुत्र्याचं पिसवांचं औषध सशाला लावू नका; त्यातली काही औषधं सशाला विषासारखी असतात.

एक सांगायचं राहिलं. टेकडीवर दिसणारा करडा-तपकिरी ससा वेगळा. तो बिळं खणत नाही, आणि त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि अंगावर केस असलेली असतात. घरातल्या सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्यांची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपण दोघांनाही 'ससा'च म्हणतो! रानातला ससा धरून घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आई-बाबांना दोन शब्द: ससा हे खेळणं नाही. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षं जगतो. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ठरवून आणायची ही वस्तू नव्हे. मोबाइलवर कुत्रा आणि ससा गळ्यात गळा घालून झोपलेले दिसतात, पण त्याआधीचे महिने त्यात दिसत नाहीत.

ती मुलगी आता मोठ्या शाळेत आहे. मागे रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आता आमच्याकडे दोन ससे आहेत. आतल्या खोलीत असतात. मोत्या दाराबाहेर चटईवर बसतो. आता भुंकत नाही."

"आणि दार?" मी विचारलं.

"दार बंदच असतं, बाई," ती म्हणाली. "मी शाळेतून आले की मगच उघडते."

मला फार बरं वाटलं. कोणी काही विचारलं, की हल्ली मी वह्या बाजूला ठेवते आणि मगच उत्तर देते.

या आठवड्याचा उपक्रम: तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या प्राण्याकडे रोज दहा मिनिटं नुसतं बघा. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. त्याचे कान, डोळे आणि शेपूट काय सांगतात, ते वहीत लिहा. सातव्या दिवशी वही आईला वाचून दाखवा.

तुमच्या बाई