सायकलस्वाराचे डोके

'दुचाकी' हा शब्द मराठीत मुळात सायकलसाठी रूढ झाला. जुन्या लेखनात दुचाकी म्हणजे सायकलच. पुढे स्कूटर-मोटारसायकलींचा सुळसुळाट झाला, वर्तमानपत्रांनी ही संज्ञा त्यांना बहाल केली आणि मूळ मालकिणीला 'सायकल' या परक्या नावावर भागवावे लागले. भाषेच्या तासाला आपण याला अर्थांतर म्हणतो, दोन उदाहरणे देतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या एका अर्थांतराचा परिणाम मात्र वर्गाबाहेर, रस्त्यावर झाला आहे. 'दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे' ही ओळ आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. ती वाचताना सायकलवर बसलेले माणूस आपल्या डोळ्यांपुढे एकदाही येत नाही. कायद्याच्या दृष्टीने यात चूक नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२९ मोटारसायकलीविषयी बोलते. सायकलला मोटार नाही, म्हणून ती त्याबाहेर. डोके मात्र दोन्हींवर एकाच जातीचे असते.

हे लिहिण्याचे निमित्त पुसेगाव. (सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे, साताऱ्याकडचे नव्हे, हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले, नामदेवांच्या नर्सीपासून फार दूर नसलेले.) अशा मोठ्या गावांत आजूबाजूच्या वाड्यांतून, तांड्यांवरून मुली शाळेला येतात. काही चालत, काही एसटीने, काही सायकलवर. सायकलवरच्या मुलीचा रस्ता कसा असतो, हे शहरातल्या वाचकाला थोडे सांगायला हवे. डांबराची कड तुटलेली, साईडपट्टी चार बोटे खाली गेलेली आणि तिच्यावर खडी. मागून टिप्परचा हॉर्न वाजला की मुलगी सायकल खाली उतरवते आणि गाडी गेल्यावर पुन्हा डांबरावर चढवते. पुढचे चाक त्या कडेला घासले की पडणे ठरलेले. सोयाबीनच्या सुगीत तर आणखी एक प्रकार असतो. खळ्याची जागा आता डांबरी रस्त्याने घेतली आहे. शेंगांचे पसर रस्त्यावर टाकले जातात, वाहनांच्या चाकांखाली मळणी होते आणि मागे उरलेल्या गोल दाण्यांवर सायकलचे चाक अक्षरशः तरंगते. शेतकऱ्याला दोष द्यावा असे यात काही नाही. त्याला दुसरे खळे कोणी दिलेले नाही.

यातल्या पुष्कळ सायकली सरकारने दिलेल्या आहेत. मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार २०११ मध्ये २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत झाला. हिंगोली जिल्हा त्यात आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. रक्कम मुलीच्या खात्यात येते, काही आधी आणि उरलेली खरेदीची पावती दाखवल्यावर. या योजनेविषयी मला मनापासून आदर आहे. आठवीनंतर मुलगी घरी का बसते, याची पुष्कळ कारणे समाजशास्त्राच्या पुस्तकांत सापडतात. 'शाळा लांब आहे' हे सर्वांत साधे कारण या योजनेने थेट हाताळले. पण सायकल दिली, घंटी दिली, स्टँड दिले, कॅरिअर दिले. डोक्याची आठवण कोणाला झाली नाही. ती न होण्यामागे कोणाचा दुष्टावा नाही. सायकल हे निरुपद्रवी वाहन आहे, अशी आपली सर्वांची सांस्कृतिक समजूत आहे.

ही समजूत आपल्या वाङ्मयीन संस्कारात मुरलेली आहे. 'सायकलचे आत्मवृत्त' हा निबंध आपण लिहिला, आता तपासतो. त्यात सायकल शिकताना मूल पडतेच, आणि फुटतो तो गुडघा. आई हळद लावते, वडील हसतात, पुढच्या परिच्छेदात मूल वाऱ्याशी स्पर्धा करू लागते. ललित लेखांत, चित्रपटांत सायकल ही बालपणाची, गरिबीची, पहिल्या प्रेमाची, सुटकेची खूण म्हणून येते. सायकलवरून पडणे ही आपल्याकडे विनोदाची किंवा स्मरणरंजनाची सामग्री आहे. डोके फुटणे त्या लेखनप्रकारात बसत नाही. ज्याचे फुटते तो असा लेख लिहायला उरतोच असे नाही, हेही एक कारण असावे.

शिरोभूषणांचा आपला शब्दसंग्रह पाहावा. पगडी, पागोटे, फेटा, मुंडासे, टोपी, पदर. फेटा बांधतात तो सत्काराला, पगडी उतरते ती मानहानीने, टोपी फिरवतात ती फसवणाऱ्याची, पदर ढळला की चर्चा. डोक्यावरच्या वस्तूंचा सगळा व्यवहार अब्रूशी जोडलेला. 'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण तेवढी कवटीच्या बाजूने बोलते, पण तीही आपण बहुधा माघार घेणाऱ्याला टोमणा म्हणून वापरतो. 'शिरस्त्राण' हा शब्द तर युद्धकथांच्या बाहेर आला की हशा पिकतो. मग डोक्याच्या रक्षणाची जाण आपल्याकडे नव्हतीच काय? होती, ती घरात आणि श्रमाच्या ठिकाणी होती. तान्ह्या बाळाची टाळू हा मराठी घरातला केवढा हळवा विषय! तिच्यावर तेल जिरवायचे, टोपडे घालायचे, कुंची बांधायची, कोणी जोरात हात ठेवू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचे. टाळू भरली की आपण निश्चिंत होतो, जणू त्यानंतर कवटीला काही होणेच नाही. पावसात शेतावर जाताना डोक्यावर खोळ आली. आणि घागर वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ आली.

ही चुंबळ हेल्मेट समजून घ्यायला फार उपयोगी आहे. घागरीचा भार एका टिंबावर येऊ नये, तो पसरावा आणि मधल्या मऊ थराने हिसके गिळावेत, एवढेच चुंबळीचे काम. हेल्मेट हेच काम एका क्षणात करते. त्याचे वरचे रंगीत कवच पातळ असते. खरे काम आतला थर्माकोलसारखा दाट थर करतो. पडल्यावर तो स्वतः चेपतो, डोके थांबायला किंचित जास्त वेळ आणि अंतर मिळते, आणि मेंदूला बसणारा हिसका तेवढा कमी होतो. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यायचे असते. थर एकदाच चेपतो.

'आम्ही हळू चालवतो' हा नेहमीचा आक्षेप इथेच तपासून घेऊ. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या साधारण उंचीवरून, काहीही खाली पडले की जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो. सायकल उभी असली तरी हे गणित बदलत नाही. युरोपातील ईएन १०७८ या मानकाची चाचणी याच वेगाला होते. अमेरिकेच्या सीपीएससी मानकात ती सुमारे दोन मीटर उंचीवरून होते.

मोटारसायकलीच्या हेल्मेटचा उगम एका लेखकाच्या मृत्यूशी जोडलेला आहे, हे साहित्याच्या वर्गात सांगण्याजोगे आहे. टी. ई. लॉरेन्स, 'सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम'चे लेखक, मे १९३५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील एका रस्त्यावर मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी, १९ मे रोजी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. लॉरेन्सच्या अपघाताचे कारण सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही: समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना त्यांची गाडी वळली होती. निबंध मोटारसायकलस्वारांवर झाला. शर्यतीच्या सायकलपटूंनाही फार वाट पाहावी लागली. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये फाबिओ कासार्तेली आणि मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव डोक्याच्या दुखापतीने गेले, तेव्हा कुठे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट अनिवार्य केले.

उपयोग किती होतो? ऑलिव्हिए आणि क्रेटन या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची आकडेवारी पाहिली. हेल्मेट असलेल्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. टिप्परचे चाक अंगावरून गेले तर हेल्मेट काही करू शकत नाही. मुलगी घसरते, साईडपट्टीवरून कोलमडते, मोटारसायकलचा धक्का लागून आडवी होते, तेव्हा ते उपयोगी पडते. आणि पडण्याचे हेच प्रकार अधिक असतात. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. 'हेल्मेट नव्हते' म्हणून ज्यांची वेगळी मोजणी झाली ते ५० हजार लोक मोटारच्या दुचाकीवरचे. अर्थांतराची व्याप्ती इथपर्यंत पोहोचते.

आता निवडीविषयी. वडिलांचे मोटारसायकलीचे हेल्मेट मुलीच्या डोक्यावर ठेवून भागत नाही. ते जड, बंद आणि तिच्या मापाला मोठे असते. डोक्यावर फिरणारे हेल्मेट पडताना आधीच सरकलेले असते. त्यावरचा आयएसआय शिक्का (आयएस ४१५१) मोटारसायकलीच्या चाचणीचा आहे. सायकलीच्या हेल्मेटवर आत चिकटवलेल्या पट्टीत ईएन १०७८ किंवा सीपीएससी लिहिलेले शोधावे. रस्त्याकडेला मिळणारी, आत नुसती स्पंजची पातळ गादी असलेली प्लॅस्टिकची टोपी घेऊ नये. अंगठ्याने आत दाबून पाहिले की लगेच कळते. बांधकामावरची पिवळी टोपीही चालत नाही.

माप शिवणाच्या टेपने घ्यावे: भुवयांच्या किंचित वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून. हेल्मेटवर सेंटिमीटरमध्ये हेच माप छापलेले असते. घातल्यावर पुढची कड भुवयांच्या दोन बोटे वर यावी. टोपी मागे सारून घालण्याची आपली सवय इथे घातक. कपाळ उघडे राहते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाच्या पाळीखाली जुळाव्यात आणि हनुवटीखाली एक बोट शिरेल एवढीच जागा राहावी. तोंड मोठे उघडले की हेल्मेट किंचित खाली ओढले गेले पाहिजे. मागच्या चक्रीने ते आवळता येते, पण माप चुकले असेल तर चक्री ते भरून काढत नाही. 'वाढते अंग आहे' म्हणून दोन मापे मोठे घेणे गणवेशाला ठीक.

वेण्यांचा प्रश्न मुलींच्या दृष्टीने खरा आहे. आपल्याकडच्या शाळांत दोन वेण्या दुमडून कानाशी रिबिनीने बांधण्याची शिस्त असते. नेमकी तिथेच हेल्मेटची पट्टी येते. उंच बांधलेला बुचडाही हेल्मेट वर उचलतो. वेण्या खाली, मानेशी सोडाव्यात. त्यासाठी शाळेला रिबिनीचा नियम सैल करावा लागेल. शाळेने तो करावा. ओढणी डोक्यावर असेल तर पातळ असावी, गाठ आत येऊ नये, आणि तिची टोके खोचलेली असावीत (चाकात ओढणी गुंतणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे). आमच्याकडच्या उन्हाळ्यात भोके भरपूर असलेलेच हेल्मेट हवे, आणि आतल्या पट्ट्या काढून धुता याव्यात. नाव लिहायचे तर ऑइलपेंटने लिहू नये. रंगातल्या द्रावकाने कवच आणि आतला थर खराब होतो.

सक्तीविषयी माझे मत वेगळे आहे, आणि हेल्मेटच्या बाजूने बोलणाऱ्या काही मित्रांना ते रुचणार नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर सायकल चालवणेच कमी झाले, विशेषतः किशोरवयीनांत, यावर तिथे आजही वाद चालू आहे. हॉलंडमध्ये रोजच्या प्रवासात हेल्मेट क्वचित दिसते, कारण सायकलींना तिथे वेगळा रस्ता आहे. तो आपल्या मुलीला मिळायचा तेव्हा मिळो. पुण्यात २०१९ च्या सुरुवातीला मोटारसायकलस्वारांवर कारवाई कडक झाली, तेव्हा विरोधासाठी कृती समिती उभी राहिली. तिथल्या नोकरदाराला चळवळ करता येते. वाडीवरच्या मुलीने हेल्मेट नाही म्हणून शाळेच्या फाटकातून परत जायचे ठरले, तर ती पुन्हा येणार नाही, आणि घरच्यांना हवे असलेले निमित्त आपण स्वतः पुरवलेले असेल. दंड नको, अडवणूक नको. हेल्मेट सायकलीबरोबरच आले पाहिजे, घंटी येते तसे.

एकट्या मुलीने ते घातले तर वर्गातली पोरे हसतील, हे मला मान्य आहे. वीस जणींनी एकाच दिवशी घातले तर हसणारे चार दिवसांत थकतात. म्हणून हे घरोघरी सांगण्याचे काम नाही, शाळेने करण्याचे आहे. अनुदानासाठी मुलींच्या याद्या शाळेतच तयार होतात. त्या यादीत खाते क्रमांकाशेजारी 'डोक्याचा घेर' असा एक रकाना आखावा, टेप घेऊन अर्ध्या तासात तो भरावा. हेल्मेटचे हजारभर रुपये अनुदानात वाढवून मागायचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीला करता येतो. तो मंजूर होईपर्यंत माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरायला आम्हा शिक्षकांना लाज वाटू नये, स्नेहसंमेलनासाठी आपण दरवर्षी पसरतोच. पुसेगाव परिसरातील एखाद्या शाळेने यंदा एवढे करून पाहावे. मापांची यादी हातात असली की सायकलींच्या दुकानदाराला तीन मापांची हेल्मेट मागवायला सांगता येते. आज तो ठेवत नाही, कारण त्याच्याकडे आजवर कोणी मागितलेलीच नाहीत.