जमीन वाटली कोणी?



निवडणूक तोंडावर आली आहे. ज्या पाड्यावर एसटी येत नाही, जिथं आजारी माणसाला झोळीत घालून खाली न्यावं लागतं, तिथंसुद्धा आता जीपगाड्या चढतील. हात जोडले जातील. 'आदिवासी बांधव', 'तळागाळातला माणूस', 'विकासाची गंगा' हे शब्द आपण दर पाच वर्षांनी ऐकतो. यंदा त्यात एक नवा शब्द आला आहे, 'पट्टेवाटप'. 'आम्ही तुम्हाला जंगलातल्या जमिनी वाटल्या,' असं जो तो सांगणार. या अंकात आम्हाला या एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे.

वाटतो कोण? ज्याच्या मालकीची वस्तू असते तो. लग्नघरचा माणूस पेढे वाटतो, कारण पेढे त्याचे. घेणाऱ्यानं हात पसरायचा, तोंड गोड झालं म्हणायचं आणि उपकार लक्षात ठेवायचे. पुढच्या वेळी त्यानं हात आखडता घेतला तर भांडता येत नाही. पेढ्यासाठी कोण भांडणार?

पण जमीन पेढा नाही. आणि ती वाटणाऱ्याची कधीच नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच शब्द आहे 'मान्यता'. मान्य काय करतात? जे आधीपासून आहे ते. आजोबांनी दगड वेचून बांध घातला, आजीनं नाचणी पेरली, ते पूर्वीच झालं आहे. सरकारनं फक्त 'होय, हे खरं आहे' एवढं लिहून द्यायचं आहे. म्हणजे आपण मागायला गेलेलो नाही. सरकारनं जे बाकी ठेवलं होतं, ते पुरं करायला सांगतो आहोत.

आधी तर शब्द याहून वाईट होता. इंग्रजांनी १८७८ आणि १९२७ साली जंगलाचे कायदे केले. नकाशावर रेघ ओढली, आणि आपली शेतं, पाणवठे, देवाची राई त्या रेघेच्या आत गेली. रेघ ओढणारा आला नंतर, पण अतिक्रमणवाले ठरलो आपण. स्वातंत्र्य आलं, साहेब बदलले, रेघ तिथंच राहिली. ३ मे २००२ रोजी केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र धाडलं, नियमात न बसणारी अतिक्रमणं ३० सप्टेंबरच्या आत काढा. त्या पत्रात माणसं नव्हती, चुली नव्हत्या, उभं पीक नव्हतं. 'अतिक्रमण' हा शब्द होता, आणि त्या एका शब्दाच्या जोरावर देशात ठिकठिकाणी झोपड्या मोडल्या गेल्या. मग देशभरची आदिवासी जनता रस्त्यावर आली, तेव्हा कुठं कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की वनात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. ही कबुली सरकारची आहे. 'वाटप' म्हणणारा पुढारी ती कबुली गिळून टाकतो.

हा अंक कोल्हापुरात मंगळवार पेठेत निघतो. आम्ही इथं स्टेन्सिल कापत बसतो तेव्हा रस्त्यावरून प्रचाराच्या रिक्षा जातात. पक्ष कोणताही असो, भोंग्यातून 'शाहू-फुले-आंबेडकरांचा वारसा' ऐकू येतोच. कोल्हापुरात शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय मत मिळत नाही. घ्यावं, चांगलं नाव आहे. पण महाराज बोलत कसे होते, तेही बघावं.

२६ जुलै १९०२ चा त्यांचा हुकूम घ्या. रिकाम्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासवर्गाला, असा त्यात आकडा आहे. हा हुकूम पोचल्या दिवसापासून, असं त्यात म्हटलं आहे. मागासवर्ग म्हणजे कोण, तेही सांगितलं आहे. आणि दर तीन महिन्यांनी खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता पाठवावा, असंही आहे. म्हणजे किती, कधीपासून, कुणाला आणि जाब कोण देणार, हे सगळं आलं. असं लिहिल्यावर कारकुनाला पळवाट राहत नाही. ज्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का होता, त्यांच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. १९१८ साली महाराजांनी ती हजेरी बंद केली. त्यांना 'बंधू' म्हणून ते थांबले नाहीत, हजेरीचं बुकच मिटवलं.

म्हणून जो वारसा सांगतो, त्याला आपण त्या हुकमाच्या भाषेत बोलायला लावायचं. पाड्यावर सभा झाली की उभं राहून विचारायचं:

पट्टे किती हे सांगता, पण जमीन किती? एका घराला एकरभर कसणुकीचे दहा गुंठे दिले तरी पट्टा एकच मोजला जातो. कायदा तर म्हणतो, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढी, चार हेक्टरपर्यंत.

नाव कुणाचं लावलं? कायद्याप्रमाणं नवरा-बायको दोघांचं लागतं. भांगलण करणारी बाई कागदावरून का पुसली?

दावा फेटाळला तर कशानं? 'पुरावा अपुरा' एवढे दोन शब्द लिहून कागद परत आल्याचं आम्ही पाहिलं आहे. नियमात म्हाताऱ्या माणसांचे जबाब पुरावा आहेत. जुनं घर, बांध, ताली हाही पुरावा आहे. असे एकाहून जास्त पुरावे जोडायचे आहेत, आणि ते आपल्या शिवारातच आहेत.

आणि जंगलाचं काय? भाषणात सगळे प्लॉटचंच बोलतात. मध, बांबू, औषधी पाला, गुरांची चराई, जंगल राखण्याचा हक्क, हे गावाचे हक्क. त्यासाठी 'नमुना ब' भरायचा असतो, आणि जंगल राखण्याच्या हक्कासाठी 'नमुना क'. त्याबद्दल एकही भोंगा बोलत नाही, कारण तिथं एकेकाला कागद देऊन फोटो काढता येत नाही. तिथं अख्खं गाव हक्कदार होतं.

'वाटप' आणि 'मान्यता' यांत एवढा फरक काय, असं कुणी म्हणेल. फरक उठवायची वेळ आली की कळतो. चांदोलीचं १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. तिथून खाली आलेल्या गावांना 'पुनर्वसन' या शब्दाचा अर्थ विचारा. कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा, त्यांची तर नातवंडं अजून मोर्चात आहेत. ज्याला दिलं आहे, त्याला 'आता दुसरीकडं देतो' म्हणून हलवता येतं. ज्याचा हक्क मानला आहे, त्याला आधी विचारावं लागतं. म्हणून वन्यप्राण्यांसाठी राखायच्या जागेतून माणसं हलवायची तर ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती लागेल, असं कायद्यात लिहिलं आहे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून काढता येत नाही, हेही लिहिलं आहे.

कायदा अमलात आला आहे. आता कामाचं बोलू. ग्रामसभेला निदान निम्मी माणसं हजर लागतात, तेव्हा मजुरीला खाली गेलेल्यांना निरोप धाडा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, त्या नुसत्या सहीपुरत्या नकोत. नमुना अ, नमुना ब आणि नमुना क तिन्ही भरा. दिलेल्या कागदाची पोच घ्या, त्यावर तारीख घाला. निर्णय विरोधात गेला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते, ते दिवस मोजत राहा. ज्याला लिहिता येत नाही त्याचा दावा शाळेत जाणाऱ्या पोरापोरींनी लिहावा, पण सांगणाऱ्यानं सांगितलं तसाच लिहावा. साहेबाला बरं वाटावं म्हणून 'अतिक्रमणधारक' लिहू नका, 'लाभार्थी' लिहू नका. 'कसणार' लिहा, 'हक्कदार' लिहा.

मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जीप पाड्यावर आली आणि कुणी 'आम्ही जमीन वाटली' म्हणालं, तर त्याला शेतावर न्या. बांध दाखवा आणि विचारा, हा दगड कुणी ठेवला?

जोहार!