पावसाळ्यातील थापांची सभा

इगतपुरीच्या झडीत वाचनमंडळाने चातुर्मासासाठी हरिभद्रसूरींचे ‘धूर्ताख्यान’ निवडावे. आठव्या शतकातील हा प्राकृत विनोदी कथाग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्या चिकित्सेसह १९४४ साली छापला गेला.

पावसात अडकलेले पाच भुकेले धूर्त उज्जयिनीच्या उद्यानात पैज लावतात : प्रत्येकाने अनुभव सांगावा, जो तो खोटा म्हणेल, त्याने सर्वांना जेवू घालावे. मूलश्री कमंडलूत शिरतो, मागोमाग हत्तीही! मूलश्री तोटीतून निसटतो. हत्ती शेपटीच्या केसाने अडकतो. श्रोते पुराणांतील दाखले देऊन दुजोरा देतात. अखेर खंडपाना ही स्त्री जिंकते आणि जेवूही तीच घालते.

चर्चेस प्रश्न एकच : दाखला मिळाला म्हणजे गोष्ट खरी ठरते काय? वहीचा मेळ बसला तरी गोदाम उघडून पाहावेच लागते. हा प्रश्न घरच्या पोथीलाही विचारावा.