तत्त्वज्ञान शिकायचे कोणी? मेजर निवडताना टाळला जाणारा प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत, विहारात, कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते : आता पुढे काय? कला शाखेला जाणाऱ्या मुलामुलींसाठी सल्ला ठरलेला असतो. राज्यशास्त्र घे, इतिहास घे, एमपीएससीला उपयोगी पडेल. समाजशास्त्र घेतले तरी चालेल. तत्त्वज्ञानाचे नाव कोणी काढले तर घरचे विचारतात, "ते शिकून काय प्रवचन करणार का?"

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत पुढच्या वर्षापासून मेजर-मायनरची पद्धत लागू झाली. मेजर म्हणून घेतलेला विषय तीन किंवा चार वर्षे आपल्यासोबत राहतो. म्हणून हा निर्णय पूर्वीच्या 'स्पेशल'पेक्षा जड आहे, आणि घरच्यांची धास्ती खोटी नाही. पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या मुलाच्या पदवीकडे अख्खे घर डोळे लावून असते. वरिष्ठ महाविद्यालयांतील प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडली आहे. नेट-सेट झालेले आपले किती तरी तरुण तासिका तत्त्वावर राबत आहेत. 'तत्त्वज्ञान घे, प्राध्यापक होशील' असे जो छातीठोकपणे सांगतो तो फसवतो आहे. पण हेच इतिहास आणि राज्यशास्त्रालाही लागू आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

स्पर्धा परीक्षेचा मुद्दा घेतला तर चित्र उलटेच दिसते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे. त्याच्या अभ्यासक्रमात प्रतीत्यसमुत्पाद, क्षणिकवाद आणि नैरात्म्यवाद आहेत. दुसऱ्या पेपरात जातिभेदाच्या संदर्भात गांधी आणि आंबेडकर आहेत. सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर, २५० गुणांचा, नीतिशास्त्राचाच आहे. एमपीएससीनेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आहे. पर्याय पाठ करून आता भागणार नाही, मुद्दा मांडता आला पाहिजे. तेव्हा 'परीक्षेला उपयोग नाही' हा आक्षेप अज्ञानातून येतो.

तरीही मला नोकरीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त एक लेख लिहिला. भारतातील समाजविज्ञानात काही जण सैद्धांतिक ब्राह्मण आणि बाकीचे अनुभवजन्य शूद्र अशी विभागणी झाली आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. साध्या भाषेत सांगायचे तर आपण अनुभव, आकडे आणि अत्याचारांच्या नोंदी पुरवायच्या, आणि त्यांचा अर्थ लावायचा दुसऱ्यांनी. लेखाला वीस वर्षे उलटून गेली. आपले तरुण आजही सर्वेक्षणाच्या कामात आघाडीवर दिसतात. न्याय म्हणजे काय, प्रतिष्ठा म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचे, या व्याख्या मात्र दुसरीकडेच ठरतात.

बाबासाहेबांनी ही वाटणी मानली नव्हती. कोलंबियात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, तरी तिथल्या नोंदीप्रमाणे त्यांनी तत्त्वज्ञानाचे पाच अभ्यासक्रम घेतले. जॉन ड्युई यांच्या वर्गात ते बसले आणि १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ड्युईंचा उल्लेख त्यांनी आपले शिक्षक म्हणून केला. १९५४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. हा तत्त्वज्ञानातला दावा आहे. तो सिद्ध करायचा, त्यावरच्या आक्षेपांना उत्तरे द्यायची, तर जयंतीच्या भाषणांवर भागत नाही. (जयंतीची भाषणे हवीतच, पण डीजेच्या आवाजात युक्तिवाद ऐकू येत नाही.)

आता तर वेळ आणखी आणीबाणीची आहे. याच धोरणाखाली 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय पदवी अभ्यासक्रमात आला आहे. भारतीय ज्ञान म्हणजे नेमके कोणाचे? नागार्जुन, दिङ्नाग, धर्मकीर्ती हे याच भूमीतले. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने जातीचा गर्व हे बुद्धी मंद झाल्याचे एक लक्षण मानले, तेही भावनेच्या भरात नव्हे, प्रमाणशास्त्राच्या ग्रंथात. अभ्यासमंडळात हे ठणकावून सांगायला धर्मकीर्ती वाचलेला माणूस बसलेला हवा. तो नसेल तर बौद्ध दर्शन दोन पानांत उरकले जाईल आणि बाकी सगळे वेदान्ताला मिळेल. तत्त्वज्ञान 'त्यांचा' विषय आहे म्हणून आपण तिकडे फिरकत नाही, आणि आपण फिरकत नाही म्हणून तो त्यांचा राहतो.

सरकारी दरवाजेही अरुंद होत आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी होत्या. २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. म्हणजे आपल्या मुलीने परदेशात अभियांत्रिकी शिकावी, पण जातीवर किंवा बौद्ध परंपरेवर संशोधन करायला या पैशातून जाऊ नये. विद्यार्थी संघटनांनी तेव्हा निषेध केला. नंतर आपण तो विषय सोडून दिला, ही चळवळीची उणीव आहे.

मग प्रत्येकाने तत्त्वज्ञान मेजर घ्यावे का? अजिबात नाही. तीन वर्षांनंतर लगेच घर चालवायचे असेल तर ते मायनर घ्यावे आणि मेजर असे ठेवावे की ज्याने चूल पेटेल. ज्याला वाचनाची भूक आहे, इंग्रजीशी झुंजायची तयारी आहे आणि घरून चार-पाच वर्षांची मुभा आहे, त्याने मात्र कचरू नये. सोबत पाली किंवा राज्यशास्त्र मायनर मिळाले तर उत्तम. पालीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आहे. नेटमध्ये तत्त्वज्ञानाखेरीज 'बौद्ध, जैन, गांधीय आणि शांतता अध्ययन' असाही स्वतंत्र विषय असतो. चौथ्या वर्षापर्यंत टिकून ७५ टक्के गुण मिळवले तर युजीसीच्या नियमांप्रमाणे थेट पीएच.डी.चा मार्ग खुला होतो, आणि अनुसूचित जातींना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे.

अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : विभागात कायमस्वरूपी शिक्षक आहे का, बौद्ध दर्शनाचा पेपर कितव्या सत्रात आहे, आणि पुरेशी मुले आली नाहीत तर विषय बंद करणार का. तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले तर एकट्याने नाही, चार-पाच मित्रांनी मिळून प्रवेश घ्यावा. आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच आठवड्यात भरावा.