मैदानाच्या कडेने : शाळा बदलू का, सर?

दोस्तांनो, तुमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आहे का? हजेरीपटावर त्याचं नाव सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईनं लिहिलेलं असतं. पहिले चार दिवस त्याला सगळे 'तो नवा' म्हणतात. मधल्या सुट्टीत डबा कुणाजवळ बसून खायचा हे त्याला कळत नाही. मग एखाद्या दिवशी खेळाच्या तासाला तो असा काही सूर मारतो, की सगळा वर्ग तोंडात बोट घालतो, आणि त्या दिवसापासून त्याला नावानं हाक मारायला लागतो.

आज अशाच शाळा बदलणाऱ्या खेळाडूंची गोष्ट सांगायची आहे. त्याला निमित्त झालं कपिलधारचं.

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मी तिथं गेलो होतो. ज्यांना कपिलधार ठाऊक नाही त्यांना सांगतो : बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं, की बालाघाटाच्या डोंगरात आत वळायचं. तिथं संत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि शेजारी डोंगरावरून कोसळणारा धबधबा. यात्रेला लांबलांबून दिंड्या येतात. पावसाळा संपून गेलेला असतो, त्यामुळे धार बारीक झालेली असते, पण पोरं भिजल्याशिवाय राहत नाहीत!

बेल-नारळाच्या एका दुकानात आजीच्या शेजारी बसलेला आठवीतला एक मुलगा भेटला. पायाला खरचटलेलं, कोपराला खपली. मी विचारलं, "काय रे, कुठं पडलास?" तर म्हणाला, "पडलो नाही सर, खो-खो." मी मैदानाबद्दल लिहितो हे कळल्यावर त्यानं गिऱ्हाईक आजीवर सोपवलं आणि थेट प्रश्नच टाकला. शहरातल्या एका शाळेनं त्याला बोलावलं होतं. नववीपासून तिकडं ये, राहायची सोय करू, बूट देऊ, फी नाही. "जाऊ का, सर? शाळा बदलू का?"

आजी मध्येच म्हणाली, "आज ही शाळा बोलावतीय, उद्या दुसरी बोलावंल. पोरानं काय नुसतं हिंडतच राहायचं का?"

आजींचा प्रश्न मला पोराच्या प्रश्नापेक्षा भारी वाटला. कारण असं हिंडत राहणारे खेळाडू खरोखरच आहेत, आणि तेही हजारोंनी.

अमेरिकेत बास्केटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे, याची आपल्याला कल्पना नसते. हा खेळ तिथंच, १८९१ च्या डिसेंबरात, स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी जेम्स नायस्मिथ या शिक्षकानं शोधून काढला. बाहेर बर्फ, पोरं आत कोंडलेली, म्हणून त्यानं पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला उंचावर ठोकल्या. म्हणून 'बास्केट'! आता तिथं कॉलेजांचे सामने पाहायला हजारो माणसं स्टेडियमात येतात आणि लाखो घरात टीव्हीसमोर बसतात. चांगल्या खेळाडूला कॉलेज फी माफ करतं, राहायला-जेवायला देतं. मग साहजिकच प्रश्न येतो : दुसऱ्या कॉलेजनं जास्त चांगलं काही देऊ केलं तर?

पूर्वी नियम कडक होता. कॉलेज बदललं, की बास्केटबॉलच्या खेळाडूनं एक वर्ष बाकावर बसायचं. सराव करायचा, अभ्यास करायचा, पण सामना खेळायचा नाही. हेतू असा, की पोरानं आधी नव्या कॉलेजात रुळावं, आणि उठसूट पळापळ होऊ नये. ऐकायला बरं वाटतं ना? पण याच वेळी त्यांचा प्रशिक्षक मात्र जास्त पगारावर दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकत होता, आणि पहिल्या दिवसापासून तिथं काम करू शकत होता. त्याला बाक नाही. ज्याच्या शब्दावर पोरं आली तो निघून गेला, आणि त्याच्या मागं जायचं तर पोरांचं वर्ष जाणार! मला विचाराल तर हा सरळसरळ अन्याय होता.

२०१८ च्या ऑक्टोबरात तिथं एक यादी सुरू झाली. 'मला कॉलेज बदलायचं आहे' असं ज्याला वाटेल त्यानं आपलं नाव त्या यादीत घालायचं, मग इतर कॉलेजं त्याच्याशी बोलू शकतात. २०२१ मध्ये नियम आला, की एकदा बदल केला तर बाकावर बसायला नको. दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांची अडचण राहिली होती, ते प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२४ च्या एप्रिलपासून अभ्यास समाधानकारक असेल तर कितीही वेळा बदला, अशी मोकळीक मिळाली. त्यातच २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती करून पैसे कमावण्याचीही परवानगी मिळाली होती. मग काय, झुंबड! चार वर्षांत तीन कॉलेजं, पाच वर्षांत चार कॉलेजं, असे खेळाडू आता तिथं नवलाचे राहिलेले नाहीत.

यात गोम आहे ती अभ्यासाची. एका कॉलेजात पास केलेले विषय दुसरं कॉलेज सगळेच्या सगळे धरतं असं नाही. काही वाया जातात, ते पुन्हा शिकावे लागतात. शिवाय यादीत नाव घातलं म्हणजे कुणी बोलावेलच असंही नाही. जुन्या ठिकाणी जागा भरलेली, नव्या ठिकाणाहून निरोप नाही. मधल्यामधे लटकलेल्या अशा पोरांबद्दल वर्तमानपत्रं फारसं लिहीत नाहीत.

हे सगळं मी त्या मुलाला थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडचं सांगा."

आपल्याकडचं उदाहरण तर साऱ्या जगाला माहीत आहे. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. अकरा वर्षांचा असताना शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे शिकायला गेला. सर म्हणाले, याला दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात घाला. आता विचार करा, वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांना शाळेचं मोल कळत नव्हतं का? पण त्यांनी मुलाचं मन ओळखलं आणि शाळा बदलली. वांद्र्याहून रोजची बसची दगदग होऊ लागली, तेव्हा सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. त्याच शारदाश्रमात विनोद कांबळी होता. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या सामन्यात दोघांनी मिळून ६६४ धावांची नाबाद भागी केली. सचिन ३२६, विनोद ३४९.

रोहित शर्माचंही तसंच. बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे राहणारा मुलगा. प्रशिक्षक दिनेश लाड म्हणाले, आमच्या शाळेत ये. पण त्या शाळेची फी महिना २७५ रुपये, घरी तेवढे नव्हते. लाड सरांनी शाळेत शब्द टाकला आणि फी माफ करून घेतली. (रोहित तेव्हा फलंदाज म्हणून नव्हे, ऑफस्पिन गोलंदाज म्हणून गेला होता, हे ऐकून तुमच्यातले गोलंदाज खूश होतील.)

या दोघांच्या गोष्टीत मला एक सारखेपणा दिसतो. त्यांना शाळेनं नव्हे, एका माणसानं बोलावलं होतं. तो माणूस रोज मैदानावर उभा राहणार होता. बूट आणि फी नंतरच्या गोष्टी.

मोठेपणीही बदल चालतातच बरं का. क्रिकेटमध्ये राज्य बदलायचं तर जुन्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. यशस्वी जयस्वालनं २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडे जायचं म्हणून ते मागितलं, आणि पुढच्याच महिन्यात मन बदलून मुंबईतच राहायचं ठरवलं. मोठी माणसंसुद्धा घोटाळतात!

आणि बदल न करता पुढं गेलेलेही आहेतच. आपल्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-वडील वीटभट्टीवर कामाला. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडी नाही. तो शाळेत कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, धावपटू तिथं झाला, आणि २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक घेऊन आला.

तेवढ्यात नारळाच्या ढिगामागून एक मुलगी पुढं आली. ती इतका वेळ सगळं ऐकत होती. "ही माझी मावसबहीण," मुलगा म्हणाला, "सातवीत आहे. माझ्यापेक्षा भारी पळते." मी तिला विचारलं, "तुला बोलावलं नाही का कुणी?" ती हसली. "मी उद्या कारखान्यावर चाललेय, सर."

बीडकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. इतरांना सांगतो. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, चूल, शेळी, आजारी म्हातारी आणि पोरं. फडाजवळ कोपी बांधायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथंच. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही कारखान्याजवळच्या शाळेत बसतात, आणि काही कुठंच बसत नाहीत, धाकट्या भावंडाला सांभाळतात.

म्हणजे बघा, ही मुलगी दर वर्षी दोनदा शाळा बदलते. सातवीपर्यंत तिचा हिशेब त्या अमेरिकन खेळाडूंपेक्षा कितीतरी मोठा झाला. तिला कुणी यादीत घातलं नाही, कुणी बूट दिले नाहीत. शाळेच्या संघात ती पावसाळ्यात असते. तालुक्याला खेळते. पुढच्या फेऱ्या येईपर्यंत तिची जागा रिकामी होते. "मग तिच्या जागी कोण खेळतं?" मी विचारलं. "कोणी पण," मुलगा म्हणाला. "मग आम्ही हरतो."

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला, आणि त्यांची कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिचं मूळ गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. खेळ शिकली ती पुण्याकडे. हे सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "माहितेय मला." एवढंच. आणि नारळ रचायला लागली.

आता पालकांसाठी दोन ओळी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातलं पाचवं कलम शाळा बदलण्याबद्दलच आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो. आणि मुख्य म्हणजे, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. 'आधी दाखला आणा, मग बसवू' असं कुणी म्हणालं तर हे कलम दाखवा. फडावर जाणाऱ्यांना तर हे पाठच असायला हवं.

त्या मुलाला मी 'जा' म्हणालो नाही आणि 'जाऊ नको' असंही म्हणालो नाही. चार गोष्टी विचारून ये म्हटलं. तिथं खो-खो शिकवणारे सर कोण, ते रोज असतात का? सामन्यासाठी बुडालेला अभ्यास कोण भरून काढतं? आईला आठवड्यातून किती वेळा बोलता येईल? आणि शेवटचं, गुडघा दुखावला आणि वर्षभर खेळता आलं नाही, तर वसतिगृहात ठेवाल की घरी पाठवाल?

चौथा प्रश्न ऐकून आजी म्हणाली, "ह्योच विचार आधी."

मुलानं नारळाच्या पोत्यावरच्या कागदाचा तुकडा फाडला आणि चारही प्रश्न लिहून घेतले. मग पेन तसंच धरून बहिणीकडं बघितलं, आणि खाली पाचवी ओळ लिहिली. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं : "तिथं मुलींचा संघ आहे का?"