हात लावायची कला



दोन वर्षांमागे सांगवीच्या आमच्या वस्तीतली पंधरा-वीस मुले घेऊन आम्ही पुण्याला चित्रांचे आणि मूर्तींचे एक प्रदर्शन पाहायला गेलो होतो. दारातच पाटी होती, 'कृपया हात लावू नये.' सहावीतल्या एका पोरीने लाकडी घोड्याच्या पाठीवरून बोट फिरवले, तसा पहारेकरी असा खेकसला की पोर दुपारभर बोलली नाही. पहारेकऱ्याला दोष देत नाही, वस्तू जपावीच लागते. पण १९२७ साली महाडला ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांना ती पाटी जरा जास्तच लागते. परतीच्या एसटीत पोरीने विचारले, "काका, हात लावायची कला नसतेच का?"

आम्ही कारकून माणूस, कलेतले आम्हाला काय कळणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. चौकशी करत गेलो, तेव्हा समजले की असते, आणि ती चक्क हापशावर असते!

मुंबईच्या कलावंत नवजोत अल्ताफ १९९७ पासून बस्तरमध्ये कोंडागावला जाऊन काम करू लागल्या. राजकुमार, शांतीबाई, गेसूराम हे तिथलेच कलाकार त्यांच्यासोबत. या मंडळींनी गावातल्या हापशांकडे पाहिले. भोवती चिखल, डबके, डास. आणि बाई भरलेली घागर जमिनीवरून उचलून डोक्यावर घेणार. आपल्याकडे काय वेगळे आहे? त्यांनी तिथे पाणी वाहून जायला वाट काढली, घागर मध्येच टेकवता येईल असे ओटे आणि कोनाडे केले, भोवती नक्षीच्या भिंती उभारल्या. पाणी भरणाऱ्या बायांना विचारून, गावकऱ्यांना हाताशी घेऊन हे झाले. त्याला 'नलपार' म्हणतात. शिल्प म्हणावे तर शिल्प, आणि रोज त्यावर घागर टेकते.

मुलांसाठी त्यांनी 'पिला गुडी' बांधल्या. शब्दाचा अर्थ मुलांचे देऊळ. देऊळ म्हटल्यावर आमच्या काही वाचकांच्या भुवया वर जातील, पण ही जागा मुलांनी जमायची, खेळायची, चित्रे काढायची.

परदेशातलेही एक उदाहरण सांगतो. जुलै २०१९ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या लोखंडी कुंपणाच्या फटींतून रोनाल्ड रायल आणि व्हर्जिनिया सॅन फ्रटेल्लो यांनी तीन गुलाबी सी-सॉ बसवले. एक टोक या देशात, दुसरे त्या देशात. पलीकडचा बसल्याशिवाय अलीकडच्याला खेळताच येत नाही. थोडाच वेळ ते तिथे होते, पण दोन्हीकडची पोरे आणि मोठी माणसेही बसली. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०२० चा सर्वोत्तम रचनेचा मान त्याला दिला.

हे सगळे आम्ही जयंती कमिटीच्या बैठकीत सांगितले, कारण शिल्लक वर्गणीचा विषय निघाला होता. तरुण मंडळींना कमान हवी. त्यांचेही चूक नाही, मुख्य रस्त्यावरून वस्ती दिसली पाहिजे, आपले नाव दिसले पाहिजे. आम्ही म्हणालो, नळ एक दिवसाआड येतो, हापशावर आपल्या आया-बहिणी रोज वाकतात, आधी तिथे ओटा करू. बरीच गरमागरमी झाली. एक जण म्हणाला, "ओट्याला कोण कला म्हणणार?" शेवटी, निदान करून तर पाहू, एवढ्यावर बैठक उठली.

रविवारी सकाळी हापशाजवळ विटा नुसत्याच रचल्या, सिमेंट न लावता. बायांनी आपापल्या घागरी आणल्या. एकीने टेकवून पाहायची, "वर घे" किंवा "खाली घे" म्हणायचे, की पोरे धावत जाऊन विटांचा एक थर चढवायची नाहीतर उतरवायची. तासाभरात त्याचा खेळच झाला. पोरे रिकाम्या कळश्या घेऊन रांगेत घुसली, कमानवाले दोघे विटा देऊ लागले. ती प्रदर्शनातली पोरगी गेरूने विटांवर मासे काढत बसली होती. कोणी तिला हटकले नाही.

सुनांना ओटा कमरेइतका हवा होता. सत्तरीतली एक आजी म्हणाली, "तुमचं झालं, पण माझा हात तिथवर पोचतो का?" थर पुन्हा उतरले.

शेवटी दोन उंचीचे ओटे ठरले. गवंड्याचा आकडा यायचा आहे. कमानीचा विषय पुढच्या बैठकीत निघणारच आहे.