लशीच्या जोडीला गोळीही हवी

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सेनेगलपासून चाडपर्यंत पसरलेल्या साहेल प्रदेशात पावसाळा जेमतेम तीन-चार महिन्यांचा असतो, आणि तेथील बालकांच्या हिवतापाचा बहुतांश भार त्याच अल्प मुदतीत पडतो. हे ध्यानी घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली अशी शिफारस केली की, तेथील तीन महिन्यांपासून पाच वर्षांच्या आतील मुलांना, ती धडधाकट असतानाच, पावसाळ्यात दरमहा सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामीन व अ‍ॅमोडायाक्वीन या औषधांची पूर्ण मात्रा द्यावी; तिचा प्रभाव सुमारे २८ दिवस टिकतो, आणि चाचण्यांत हिवताप तीन-चतुर्थांशांनी घटलेला आढळला. त्या वर्षी सुमारे दोन लाख बालकांपर्यंत पोहोचलेली ही योजना २०२३ साली दर फेरीस सरासरी ५ कोटी ३० लाख बालकांपर्यंत गेली.

या कार्याचा भार वाहतात ते गावोगावचे स्वयंसेवक. पहिल्या दिवसाची मात्रा ते आपल्या देखत पाजतात, मुलाने ओकून टाकल्यास पुन्हा देता यावी म्हणून अर्धा तास थांबतात, अंगात ताप आढळल्यास गोळी न देता तपासणीस धाडतात. मात्र पुढील दोन दिवसांची अ‍ॅमोडायाक्वीनची कडू गोळी घरच्यांनीच द्यायची असते, आणि ऐन हंगामात मूल पाठीशी बांधून शेतावर निघालेल्या आईकडून ती चुकू नये म्हणून स्वयंसेवक तिच्याशी जे चार शब्द बोलतो, ते मला औषधाइतकेच मोलाचे वाटतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या हिवतापावरील आर-२१ लशीची शिफारस संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु लस आली, तेव्हा गोळ्यांवरील खर्चास आता कात्री लावावी, असा विचार कोणा खजिनदाराच्या मनात येत असेल, तर त्यास वेळीच विरोध झाला पाहिजे. बुर्किना फासो व माली येथे आधीच्या लशीची जी चाचणी झाली, तिच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ एकच उपाय लाभलेल्या मुलांच्या मानाने दोन्ही लाभलेल्या मुलांत हिवताप सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता.

या मोहिमेची रक्कम मुख्यत्वे परदेशी साहाय्यातून येते; मंजुरीचा कागद या दप्तरातून त्या दप्तरात फिरत राहिला आणि गोळ्या जुलैऐवजी सप्टेंबरात पोहोचल्या, तर मधल्या दोन महिन्यांत दगावलेल्या मुलांपुरती ती सारी तरतूद निष्फळ ठरते. सबब देणगीदार राष्ट्रांनी ही रक्कम दरसाल नव्याने न ठरवता निदान तीन हंगामांसाठी एकदम मंजूर करावी, आणि लशीचा खर्च तीतून वजा करू नये.